टेंभरीच्या चर्चातली पेटी

धम्मानंद गजभिये आणि मी छत्तीस वर्षं सोबत आहोत, आणि छत्तीस वर्षांत हा माणूस सलग एक तास बसलेला मी एकदाच पाहिला. कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही दोघंही कंट्रोल रूमला होतो. दर तासाला उठायचं, मीटरचे आकडे बघायचे, लॉगशीटवर उतरवायचे. रिटायर झाल्यावर माझी ती सवय आठ दिवसांत सुटली. त्याची सुटली नाही. जेवताजेवता उठेल, खिडकीशी जाईल, चिमणीचा धूर बघेल आणि परत ताटावर येऊन बसेल. त्याची बायको प्रेमिला म्हणते, "यायच्या पायाले भिंगरी लागली आहे. सरणावरूनही एकदा उठून पाहतीन."

मी रुपराव भोयर. कवितेशी माझा संबंध ऐकण्यापुरता, तोही बहुतेक नाइलाजानं. धम्मानंद मात्र आमच्या केंद्राचा कवी. कोणाची बदली असो, निरोप समारंभ असो, नाहीतर चौदा एप्रिल, हा माइकसमोर हजर. आवाज खणखणीत, शब्द पल्लेदार. चिमणीवरची त्याची कविता एका मोठ्या साहेबानं फ्रेम करून केबिनमध्ये लावली होती, आणि ते सांगायची एकही संधी धम्मानंद सोडत नसे. मग त्याची कविता बंद पडली. ती कशी बंद पडली हे आधी सांगायला हवं.

त्याला एकच मुलगी, रोशनी. नागपुरात धरमपेठेला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. रोशनी दवाखान्यात पडून होती, आणि जावई जितेंद्र दोन नातेवाइकांना घेऊन बाळाला पुरून आला. कुठं पुरलं असं तिनं विचारलं तेव्हा सगळ्यांचं एकच उत्तर: आता कशाला, विसर, तुझं वय काय, दुसरं होईल. बाळाला नाव नाही, गेलेल्यासाठी करतात ते पुण्यानुमोदन नाही, एक फोटोसुद्धा नाही. रोशनी महिनाभरानं कामावर गेली आणि त्यावर आईखेरीज कोणाशी अक्षर बोलली नाही.

तीन महिन्यांनी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात धम्मानंदनं कविता वाचली. रोशनी सासूसासऱ्यांसोबत दुसऱ्या रांगेत बसली होती. कवितेत तिचं नाव होतं. दवाखाना होता, रिकामा पाळणा होता. बाळ गेल्यावर तिच्या अंगावर दूध आलं आणि ती मोरीचं दार लावून रडली, तेही होतं. ते तिनं फक्त आईला सांगितलं होतं. शेवटच्या कडव्याला अख्खा मंडप रडला, आणि मग टाळ्या पडल्या. वन्स मोअर झाला. धम्मानंदनं शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या होत्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आणि त्या टाळ्यांची मला लाज वाटते.

तो खाली उतरला तेव्हा रोशनी मंडपाच्या मागे उभी होती. ती त्याला एवढंच म्हणाली, "बाबा, माझं लेकरू गेलं आणि तुमाले टाळ्या भेटल्या."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलत नाही. आईला रोज फोन करते. प्रेमिला स्वयंपाकघरात बोलते आणि हा समोरच्या खोलीत उभं राहून अर्धं बोलणं ऐकतो. बाकीचं अर्धं त्याला कळत नाही. त्याच वर्षी तो रिटायर झाला. एक ओळ सुचेना, आणि घरात पाय ठरेना.

दीड वर्षामागची गोष्ट. कुहीच्या पुढे माझी बहीण राहते. तिच्या नातवाच्या जावळाला मी निघालो होतो, तर प्रेमिलानं मला हात जोडले. "भाऊजी, यायले सोबत न्या. दिवसभर येरझारा घालून घालून माझी फरशी झिजवून टाकली." नेलं. हा मागे बसला की गाडी दारू प्यायल्यासारखी चालते, कारण हा एका जागी बसतच नाही. कधी डावीकडे वाकून शेत बघेल, कधी उजवीकडे. टेंभरी नावाच्या गावापाशी गाडी पंक्चर झाली. ती याच्यामुळेच झाली असं माझं मत आहे, पण ते सिद्ध करता येत नाही.

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता, तेवढ्यात हा गायब. शोधत गेलो तर धानाच्या बांध्यांच्या कडेला एक जुनं चर्च, आणि हा आत बाकावर.

चर्च म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं तसं ते नाही. इंग्रजांच्या काळात कोण्या परदेशी पाद्र्यानं बांधलं म्हणतात. जाड दगडी भिंती, वर कवेलूचं छप्पर. घंटा कधीतरी चोरीला गेली, म्हणून तिच्या जागी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला. एका खिडकीची काच फुटली, तिथं युरियाची पिशवी ठोकलेली. आत आठ बाकं, एक हार्मोनियम, वटवाघळांचा वास. आणि भिंतीत बसवलेला एक दगड: कोणा गोऱ्या बाईचं नाव, वय चोवीस, साल अठराशे शहाण्णव, खाली मराठीत, 'ती थोडे दिवस आमच्यात राहिली.'

धम्मानंदनं जावळाच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे चार ओळी लिहिल्या होत्या. वर्षभरातल्या पहिल्या. चांगल्या होत्या की वाईट ते मला विचारू नका. पण बहिणीच्या घरी तो दोन वेळा वाढून घेऊन जेवला, ते मी पाहिलं.

परतताना मी विचारलं, "तिथंच काहून सुचलं गा?"

"विहारात गेलो का लोक म्हणतात, गजभिये साहेब, दोन ओळी होऊन जाऊ द्या. घरी प्रेमिलाच्या हातात फोन आहे आणि फोनात रोशनी आहे. तिथं मले कोणी ओळखत नाही, रुपराव. कोणी काही मागतही नाही."

तेव्हापासून दर गुरुवार ठरला. पेट्रोल त्याचं, गाडी माझी, आणि कंबर तीही माझीच. आम्ही उमरेडकडचं एक चर्च पाहिलं, भिवापूरच्या वाटेवरचं एक पाहिलं. एकाला नुकत्याच टाइल्स लावलेल्या, पंखे, स्पीकर, भिंतीला गुलाबी रंग. तिथून हा पाच मिनिटांत बाहेर. म्हणाला, "टाइल्सवरून ओळ घसरते." शेवटी टेंभरीच पक्कं झालं. चर्चाची किल्ली शेजारच्या घरातल्या प्रयागबाईकडे. सत्तरीची बाई, झाडलोट करते, लिहिता-वाचता येत नाही. आमची गाडी दिसली की ती काही न विचारता कुलूप काढायची आणि आपल्या कामाला जायची.

आता कोराडीत अशी गोष्ट लपते थोडीच. विहाराचे सचिव आनंदराव यांनी त्याला रस्त्यात गाठलं. "गजभिये, तुम्ही चर्चात जाता म्हणते. धर्म बदलून राहिले का?"

"धर्म माझ्या बापानं बदलला, छप्पन साली," धम्मानंद म्हणाला. "धोंडबा गजभिये गावाहून पायी आला होता नागपूरले. आमच्या घराण्याचं काम तेवढ्यात झालं. मी फक्त बसाले जातो."

"बसाले विहार आहे नं."

"विहारात मले उभं राहा लागते."

आनंदरावांना ते कळलं नाही. मला कळलं, पण मी मधे पडलो नाही.

टेंभरीतही तो बसायचा म्हणजे काय, तर तिसऱ्या बाकावर टेकायचा, उठायचा, त्या चोवीस वर्षांच्या बाईच्या दगडापाशी जायचा, परत यायचा, दोन ओळी लिहायचा, खोडायचा, वहीचं पान फाडायचा. मी बाहेर चिंचेखाली चिवडा खात बसायचो. एकदा न राहवून विचारलं, "एवढं काय लिहून राहिला?"

"रोशनीले माफी."

"मग सरळ दोन वाक्यं लिही आणि पोस्टात टाक."

"तेच करून राहिलो. पण पेन उचलला का माइक समोर येतो. माफीले यमक जुळते. मग मलेच आवडते ते. मग फाडतो."

हे ऐकून मी चिवड्याची पुडी गुंडाळली. माणूस स्वतःबद्दल इतकं खरं बोलला की खाणं बरं दिसत नाही.

फाडलेल्या पानांचं काय करायचं हा प्रश्न होता. चर्चात कचरा टाकायचा नाही, ही त्याची शिस्त. घरी न्यावं तर प्रेमिलाच्या हाती लागेल आणि फोनातून पलीकडे जाईल. दाराजवळ भिंतीला एक लाकडी पेटी होती, वर फट, पुढे कुलूप. तिच्यावरची अक्षरं उडून गेली होती, 'पेटी' एवढंच वाचता येत होतं. धम्मानंद ती पानं घडी करून त्या पेटीत टाकायला लागला.

आमच्या केंद्रात राहिलेल्या माणसालाच त्यामागचा हिशेब कळेल. आमच्याकडे प्रत्येक विभागाच्या दाराशी अशीच पेटी असायची. सूचना पेटी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत धम्मानंद तिच्यात चिठ्ठ्या टाकायचा: कॅन्टीनच्या डाळीत पाणी आहे, तीन नंबरच्या जिन्याची पायरी सैल आहे. कोणी पेटी उघडली नाही. तिची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला माहीत नव्हतं. जुनी इमारत पाडली तेव्हा पेटी फुटली, आणि आत वाळवीनं खाल्लेल्या याच्याच चिठ्ठ्या निघाल्या. तेव्हापासून आम्ही म्हणायचो, जगात काही लपवायचं असेल तर सूचना पेटीत टाकावं. तिजोरी फोडतात, पेटी कोणी उघडत नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तो बाहेर आला तो निराळाच दिसला. थकलेला, पण हातपाय शांत. "आज कविता नाही झाली," म्हणाला. "चार वाक्यं झाली. कोणाले वाचून दाखवाची नाहीत. टाकली पेटीत." मी गाडीला किक मारली.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. त्या गुरुवारी मी बँकेत होतो. माझा अंगठा मशीन घेईना. पुसून, घासून, तीनदा टेकवून झाला, तरी मी जिवंत ठरेना. ठरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गुरुवार गेला. धम्मानंदला पुढच्या गुरुवारपर्यंत दम निघेना, म्हणून रविवारी सकाळी निघालो. रविवार हा चर्चाचा दिवस असतो, हे दोन रिटायर झालेल्या माणसांच्या ध्यानात येऊ नये म्हणजे कमालच, पण नाही आलं.

टेंभरीत रूळ वाजत होता. चर्चामागच्या कबरी साफ करून त्यांच्यावर झेंडूची फुलं ठेवलेली. आत दहा-अकरा माणसं. धम्मानंद म्हणाला, "गाडी वळव." पण प्रयागबाईनं आम्हाला पाहिलं होतं. ती धुवट पातळ नेसून दारात आली. "या नं. गुरुवारचे पाहुणे आज रविवारी आले. आज आमच्या मेलेल्यायचा दिवस आहे." असं म्हटल्यावर पाठ कशी फिरवणार? आम्ही शेवटच्या बाकावर बसलो.

पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, प्रेमानंद साळवे. उमरेडला शाळेत शिकवतात आणि रविवारी मोटारसायकलनं टेंभरीला येतात. गाणं झालं, वाचन झालं. मग त्यांनी एक वही उघडली आणि गेलेल्यांची नावं वाचायला घेतली. एक नाव वाचायचं, समोर एक मेणबत्ती लावायची, सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं, पुढचं नाव. कोणाचा बाप, कोणाची सासू. आठ-नऊ नावं झाली असतील.

"रोशनीचं बाळ," पाळकांनी वाचलं. "मुलगी होती."

धम्मानंदचा हात माझ्या गुडघ्यावर पडला आणि त्यानं गुडघा असा धरला की दोन दिवस दुखत होता. प्रयागबाई पुढे झाली, तिनं मेणबत्ती लावली. सगळे गप्प बसले. मग पाळकांनी पुढचं नाव वाचलं.

उपासना संपायच्या आधीच तो बाहेर गेला, चिंचेभोवती फेऱ्या घालायला लागला. पाळक बाहेर येताच त्यानं त्यांना अडवलं. "ते नाव तुमाले कुठं भेटलं?"

"पेटीत," पाळक म्हणाले.

"कोणत्या पेटीत?"

"प्रार्थना पेटीत. ज्याला कोणासाठी प्रार्थना हवी असते तो चिठ्ठी टाकतो. दर रविवारी उघडतो आम्ही." ते थांबले. "तुम्हीच टाकता का? आम्हाला वर्षभर कळत नव्हतं कोण ते. काही चिठ्ठ्यांचा अर्थ लागत नव्हता, खोडलेल्या असायच्या. तरी आम्ही केली प्रार्थना. एकदा वीज केंद्राच्या चिमणीसाठीसुद्धा केली."

दुसऱ्या कुठल्या वेळी मी पोट धरून हसलो असतो.

"दर रविवारी?" धम्मानंदचा आवाज चढला. "तिचं नाव? दर रविवारी मोठ्यानं वाचता? तुमाले कोणी सांगितलं वाचाले?"

"अहो, पेटी त्यासाठीच आहे."

"मले नाही माहीत पेटी कायच्यासाठी आहे. चिठ्ठ्या वापस करा."

पाळकांनी आतून कापडी पिशवी आणून त्याच्या हातात दिली. सगळी पानं नीट घडी घालून ठेवलेली होती, तारखेसकट. प्रयागबाई जवळ आली. "रोशनी तुमची लेक होय का?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "आमाले वाटलं तुमाले माहीत आहे, आम्ही तिच्यासाठी मागून राहिलो म्हणून. कशी आहे आता?"

धम्मानंदनं पिशवी खांद्याला अडकवली. रोशनी कशी आहे हे त्याला अडीच वर्षांत अर्ध्या फोनावरूनच कळत होतं.

वाटेत चहाला थांबलो तिथं त्यानं मला ती सप्टेंबरची चिठ्ठी दाखवली. चार वाक्यं, आपल्या बोलीत. 'रोशनीचं बाळ. मुलगी होती. मी तिले पाहिलं नाही. पाहाले पाहिजे होतं.'

"पुन्हा तेच केलं गा म्यां," तो म्हणाला. "तिचं दुःख पुन्हा चारचौघांत नेऊन वाचलं. एकदा नाही, दर रविवारी."

मी शहाणपण सांगितलं. "चूप राह्य. ते टेंभरीचे लोक, ती धरमपेठेची. कोण सांगणार तिले? चिठ्ठ्या जाळून टाक."

"पहिल्या वेळी तिले न विचारता केलं. आता तिच्यापासून लपवू?"

"सांगशीन तर उरलंसुरलंही जाईन. प्रेमिलाचा फोनही बंद होईन."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि चहा तसाच टाकून उठला.

पुढचे पाच दिवस वाईट गेले. पहाटे कॉलनीच्या मैदानात फेऱ्या, दुपारी फेऱ्या, पिशवी खांद्याला. गुरुवारी टेंभरीचं नाव काढलं नाही. प्रेमिलानं मला विचारलं, काय झालं, आणि मी खोटं बोललो. शनिवारी सकाळी तो माझ्या दाराशी आला. इस्त्रीचा शर्ट, तीच पिशवी. "चाल गा, धरमपेठले."

चष्म्याच्या दुकानात समोरच्या पोरीनं त्याचं नाव कार्डावर लिहून घेतलं आणि आत पाठवलं. डोळे तपासायची खोली म्हणजे पडद्यामागची एक अंधारी जागा. मी पडद्याबाहेरच्या स्टुलावर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"नाव?" रोशनी म्हणाली. कार्ड तिच्या हातात होतं.

"धम्मानंद धोंडबा गजभिये."

"वय?"

"बासष्ट."

"काय त्रास आहे?"

"उजव्या डोळ्यानं धुकट दिसते."

"हनुवटी इथं ठेवा. कपाळ टेकवा. हलू नका."

मशीनचा खटका वाजला. मग त्याचा आवाज आला, दाबल्यासारखा, कारण हनुवटी टेकलेली होती. "रोशनी, मी पुन्हा चुकलो."

"बोलू नका. हनुवटी हलते."

"हलू दे, माय. एकदा ऐकून घे." आणि त्यानं सांगितलं. टेंभरी, गुरुवार, पेटी, रविवार, वहीतलं नाव. एकही शब्द सजवला नाही. मी त्याचं भाषण छत्तीस वर्षं ऐकलं आहे. इतकं अडखळत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चिठ्ठीत काय होतं तेही सांगितलं. शेवटी म्हणाला, "मले वाटलं पेटी कोणी उघडत नाही. सगळ्या चिठ्ठ्या आणल्या आहेत. तू म्हणशीन तर इथंच फाडतो."

मी पडद्याखालून तिच्या चपला बघत होतो. त्या हलल्या नाहीत.

"टाळ्या वाजवल्या का?" तिनं विचारलं.

"नाही."

"कोणी रडलं?"

"नाही. तुले ओळखत नाहीत ते."

"मग काय केलं?"

"एक मेणबत्ती लावली. चूप बसले. मग पुढचं नाव वाचलं."

"कोणाचं?"

"कोण्या म्हातारीचं. यशोदाबाई म्हणून."

"आणि तिच्या आधी?"

"कोणाचा तरी बाप होता. दादाजी."

"म्हणजे मोठ्या माणसायच्या मधात घेतलं तिचं नाव."

"होय," धम्मानंद म्हणाला. "मधातच."

मग रोशनी म्हणाली, "दुसरा डोळा," आणि मशीन सरकल्याचा आवाज आला. माझ्याकडे पाहून समोरच्या पोरीनं मला पाणी आणून दिलं.

ती बाहेर आली तेव्हा हातात कागद होता. "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन करा लागन," ती मला म्हणाली. तो हातभर अंतरावर उभा होता, पण बोलणं सगळं माझ्याशी. "काका, तुम्ही गुरुवारी जाता नं तिकडे?"

"जातो नं."

"या गुरुवारी मी येते. बाबायले सांगा, वही आणाची नाही."

"बरं," मी म्हणालो. धम्मानंदनंही मान डोलावली, जणू निरोप माझ्याकडूनच पोचला.

गुरुवारी ती तिच्या स्कूटीवर, आम्ही आमच्या गाडीवर. प्रयागबाईनं कुलूप काढलं, रोशनीकडे पाहिलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि नेहमीसारखीच काही न विचारता गेली. रोशनी एकटी आत गेली. धम्मानंद माझ्यासोबत चिंचेखाली बसला. बसला म्हणजे तीनदा उठला, दाराकडे चार पावलं गेला आणि परत आला. हात रिकामे, काय करावं कळेना. माझा चिवडा संपवला. अर्ध्या तासानं रोशनी दारात आली आणि मला पेन मागितला. दुकानाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडचं एक पान फाडून तिनं बाकावर टेकवून काहीतरी लिहिलं. घडी केली. पेटीत टाकलं. मग बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऑपरेशनची तारीख मी घेते," ती त्याला म्हणाली. अडीच वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य, दुकानातलं सोडून. आणि स्कूटी सुरू करून गेली.

रविवारी सकाळी आठलाच तो माझ्या दाराशी. "चाल गा. दहाले रूळ वाजते."

मी गाडी काढली. तो मागे बसला. मी किक मारली. फाटकापर्यंत गेलो असू, तर खांद्यावर हात पडला. "थांब."

"काहून?"

"आपण गेलो का तिची चिठ्ठी ऐकू येईन."

"त्याच्यासाठीच चाललो नं?"

तो खाली उतरला. "तिनं मले वाचाले नाही देल्लं, रुपराव. तिनं त्यायले वाचाले देल्लं." आणि चालत परत माझ्या ओट्याकडे गेला.

मी गाडी लावून त्याच्याशेजारी बसलो. कोळशाचे ट्रक जात होते. प्रेमिलाचा फोन आला तो मी घेतला, सांगितलं की इथंच आहे. दहा वाजले. तिकडे रूळ वाजला असेल, पाळकांनी पेटी उघडली असेल. मी घड्याळ बघत होतो. अकरा वाजेपर्यंत धम्मानंद जागचा उठला नाही.